क्लेम पास्कोचं नाक

क्लेम पास्कोने बार्लीची मूठ नाकाशी नेली की ट्रकवाले शेतकरी बोलायचे थांबत. आमच्या वॉलरू बंदराच्या धक्क्यामागे धान्याची कोठारं आहेत. सुगीच्या सहा आठवड्यांत तिथे ट्रकांची रांग पार फाट्यापर्यंत जाते. वजनकाट्याच्या आधी आमचं मचाण. ट्रक थांबला की लांब नळी धान्यात खुपसायची, तळापासून नमुना ओढून घ्यायचा आणि यंत्रात घालायचा. यंत्र ओल सांगतं, दाण्याची जाडी सांगतं. पण त्याआधी क्लेम ओंजळीत नाक घालायचा आणि मान वर न करता बोलायचा, "तळाशी भिजलंय." किंवा, "उंदीर फिरलेत यात." किंवा, "गेल्या वर्षीचं उरलेलं मधे भरलंयस, होय ना रे?" शेतकरी आधी चिडायचा, मग यंत्राचा आकडा यायचा, मग तो टोपी नीट करत ट्रकमध्ये जाऊन बसायचा. अकरा हंगाम मी त्याच्या शेजारी उभी राहून काम केलं. त्याचं चुकलेलं मला एकदाच आठवतं, आणि तेव्हा त्याला सर्दी झालेली होती.

चांगली बार्ली मद्याला जाते, वाईट जनावरांना. क्लेमचं आयुष्य या दोन ढिगांमध्ये उभं राहून गेलं. घरी आल्यावर तो त्याच बार्लीची बियर करायचा. हे त्याला आत्याने शिकवलं. खाणकामगारांच्या जुन्या घरांतून करतात तसली आल्याची, मनुका घातलेली, स्वँकी नावाची घरगुती बियर ती न्हाणीघरातल्या पिंपात करायची, आणि क्लेम सात-आठ वर्षांचा असताना तिने त्याला पिंपावर वाकवून विचारलं होतं, "सांग, झाली का?" तो म्हणाला होता, "अजून नाही. अजून पावाचा वास येतोय."

घरी बियर करणाऱ्यांचं आमचं एक मंडळ आहे, त्यात बारा जण. एप्रिल आणि सप्टेंबर, वर्षातून दोनदा अदलाबदल. प्रत्येकाने आपल्या बियरच्या बारा बाटल्या आणायच्या, झाकणांवर आपला क्रमांक लिहायचा, आणि सगळ्यांची एकेक बाटली घेऊन घरी जायचं. तीन आठवड्यांनी रविवारी दुपारी डगी नॅन्किवेलच्या शेडमध्ये जमायचं, प्रत्येकाने आपली राखून ठेवलेली एक बाटली उघडायची, सगळ्यांनी ती पुन्हा चाखायची आणि काय वाटलं ते बोलायचं. डगी गावातला मेकॅनिक. त्याच्या शेडमध्ये ग्रीसचा वास असतो, म्हणून त्या दिवशी तो सगळी दारं सताड उघडी ठेवतो आणि उत्तरेकडचा वारा आत धूळ आणून टाकतो. नियम दोनच. जे वाटलं ते बोलायचं, आणि ज्याची बियर आहे त्याने आपली बाजू मांडायची नाही. तिसरा नियम कोणी केला नव्हता पण तो होता. क्लेम शेवटी बोलणार.

तो शेवटी बोलला की विषय संपला. डगीच्या एका बियरला तो म्हणाला होता, "पिंप नीट धुतलं असतंस तर हिला बियर म्हणता आलं असतं." माझ्या पहिल्या वर्षीच्या बाटलीबद्दल म्हणाला, "पावसात भिजलेलं कुत्रं गाडीत घेतल्यावर काच खाली करतो ना आपण, तसं वाटतंय." मी दोन दिवस त्याच्याशी बोलले नाही. तिसऱ्या दिवशी मचाणावर त्याने मला शांतपणे सांगितलं की माझी बार्ली जुनी आहे, पिशवी उघडी राहिली असणार. राहिली होती.

टेसा कलोगेरास मंडळात आली तेव्हा क्लेम नोकरीतून निवृत्त झाला होता. ती पोर्ट पिरीची, ग्रीक कोळ्याची मुलगी, वय चाळिशीच्या अलीकडे. नवऱ्यापासून वेगळी होऊन ती आमच्या गावात आली आणि शाळेची बस चालवू लागली. भाड्याच्या घरात, कपडे धुण्याच्या खोलीत ती बियर करायची. आमच्यापैकी बाकीचे क्लेमचं बोलणं सोसायचे. टेसा ते वहीत उतरवून घ्यायची. तो म्हणाला, "वास जुन्या लोण्यासारखा आहे," तर ती विचारायची, "खारं लोणी की बिनमिठाचं?" क्लेम तिच्याकडे बघतच राहिला होता. इतक्या वर्षांत हे त्याला कोणी विचारलं नव्हतं. पुढच्या शनिवारी त्याने तिला घरी बोलावलं, टेबलावर अकरा वाट्या मांडल्या आणि डोळे मिटून वास ओळखायला सांगितलं. व्हर्ना, त्याची बायको, नंतर मला म्हणाली, "माझ्या एकाही डब्यात आता मसाला राहिलेला नाही. पण तो खूश आहे, राहू दे."

दोन वर्षं असंच चाललं. मग एका जुलैमध्ये क्लेम छताची पन्हळ साफ करायला शिडीवर चढला, शिडी सरकली आणि त्याचं डोकं मागच्या बाजूने पाण्याच्या टाकीच्या कट्ट्यावर आपटलं. दोन दिवस इस्पितळात ठेवलं. मी भेटायला गेले तेव्हा तो म्हणाला, "कट्ट्याला तडा गेलाय, डोक्याला नाही." आम्ही हसलो आणि विसरलो.

घरी आल्याच्या तिसऱ्या दिवशी व्हर्नाने ओव्हनमध्ये मांस-बटाटा भरलेल्या पेस्टी ठेवल्या आणि शेजारणीशी बोलायला कुंपणापाशी गेली. परत आली तर स्वयंपाकघरात धूर, आणि क्लेम टेबलाशी वर्तमानपत्र वाचत बसलेला. धूर डोळ्यांना झोंबला तेव्हा कुठे त्याने वर बघितलं होतं.

"तुला वास नाही आला?"

क्लेम उठला आणि कॉफीचा डबा उघडून त्यात नाक घातलं. मग व्हिनेगर. मग सिंकखालचं फरशी पुसायचं औषध. मग बाहेर जाऊन शेडमधल्या पिंपाचं झाकण काढलं आणि बराच वेळ आत वाकून उभा राहिला. व्हर्नाने हे मला पुढे सांगितलं, तेव्हाही तिचा हात तोंडावर गेला.

डॉक्टर म्हणाला की डोक्याला असा मार बसला की नाकापासून मेंदूकडे जाणारे बारीक धागे तुटतात. वास परत आला तर वर्षभरात येईल. नाही तर नाही. जिभेला गोड, आंबट, खारट, कडू कळत राहील, बाकी काही नाही.

"मंडळात सांगून टाक," व्हर्ना म्हणाली.

"मग मला ते कशाला बोलावतील?"

"तू काय नुसतं नाक आहेस?"

"तिथे, हो," क्लेम म्हणाला. "वर्षभर तर थांबू दे. परत आला तर कोणाला कळायचंही नाही."

व्हर्नाला ते पटलं नाही, पण कोणाला न सांगण्याचा शब्द तिने दिला.

सप्टेंबरच्या बैठकीत तो नेहमीच्या खुर्चीत बसला. नेहमीसारखा शेवटी बोलला. आज मागे वळून बघताना सगळं उघड दिसतं. डगीने स्वतःच्याच बियरबद्दल नियम मोडून म्हटलं, "मला तर यात वाळलेल्या आलुबुखारचा वास येतो." टेसा म्हणाली, "आणि किंचित भाजलेला पाव." सगळं फिरून क्लेमपाशी आलं तेव्हा त्याने ग्लास उजेडात धरला, फेस बघितला, घोट तोंडात फिरवला आणि म्हणाला, "आलुबुखार आहे. पावाची कडही थोडी भाजलीय. पण कडवटपणा बरोबर जागी थांबतो." डगीचा चेहरा फुलला. कडवटपणाचं ते क्लेमचं स्वतःचं होतं आणि खरंच होतं. बाकीचं आम्हीच त्याच्या हातात ठेवलेलं होतं.

माझ्या बाटलीला तो "छान जमलीय" म्हणाला. सात वर्षांत पहिल्यांदा. गाडीत बसल्यावर मी आरशात बघून हसले. क्लेम म्हाताऱ्या वयात मऊ पडला, असं आम्ही एकमेकांत बोललो, आणि ते आम्हाला आवडलं. असं का झालं हे कोणी विचारलं नाही. मीही नाही, जी त्याच्या शेजारी अकरा हंगाम उभी होते. स्तुती मिळत असताना माणूस फार चौकशी करत नाही.

त्या उन्हाळ्यात, आमच्याकडे तो डिसेंबर ते फेब्रुवारी, पाऊस झालाच नाही. मार्चमध्ये टेसाच्या वडिलांना पंच्याहत्तर वर्षं पूर्ण होणार होती आणि पोर्ट पिरीला मोठं जेवण ठरलं होतं. चाळीस-पंचेचाळीस नातेवाईक. टेसाने ठरवलं, बियर माझी. घरातल्यांना तिचं वेगळं होणं, बस चालवणं, एकटीने राहणं, यातलं काहीच धड पटलेलं नव्हतं. निदान हे तरी त्यांनी बघावं, असं तिच्या मनात असणार. तिने मोठा घाणा घातला. फेब्रुवारीच्या शेवटी पहिली बाटली उघडायच्या लायकीची झाली, तशी ती क्लेमकडे घेऊन आली. व्हर्ना बोल्स खेळायला गेली होती. घरात तो एकटाच होता.

या भेटीचं मला दोघांकडून कळलं, आणि दोघांनी सांगितलेलं तंतोतंत जुळतं.

टेसाने दोन ग्लासांत ओतली. क्लेमने रंग बघितला. सोनेरी, स्वच्छ. फेस दाट, ग्लासला चिकटून खाली उतरणारा. घोट घेतला. जिभेवर भरीव, कडवटपणा नेमका.

"पाठव," तो म्हणाला. "उत्तम आहे."

टेसा खूश झाली नाही. तिने पुन्हा वास घेतला. "तुला घोटाच्या शेवटी काही वेगळं वाटत नाही? मला काहीतरी टोचतंय. औषधासारखं."

इथे त्याला बोलता आलं असतं. तो मला म्हणाला, "तोंड उघडलंही होतं मी." पण सात महिने निभावलं होतं, नि आणखी पाच महिने उरले होते, आणि समोरची मुलगी त्याच्या तोंडाकडे बघत होती.

"औषध वगैरे काही नाही," क्लेम म्हणाला. "बापाचा वाढदिवस म्हणून धास्तावलीयस. मनाचे खेळ आहेत तुझ्या."

"नक्की?"

"इतकी वर्षं काय गवत उपटलं मी? नक्की."

तिने वहीत लिहून ठेवलं. मनाचे खेळ.

पोर्ट पिरीच्या अंगणात त्या दिवशी ऑक्टोपस भाजला जात होता, कोळंबीच्या परातीवर पराती येत होत्या. टेसाने स्वतःच्या हाताने प्रत्येकाला ग्लास भरून दिला आणि प्रत्येकाला सांगितलं की आमच्याकडे क्लेम पास्को म्हणून आहेत, त्यांनी ही पास केलीय. तासाभराने ती रिकामे ग्लास गोळा करायला निघाली तर ग्लास रिकामे नव्हतेच. टोमॅटोच्या कुंड्यांमागे, खिडकीच्या कठड्यावर, पायरीच्या कडेला भरलेले ग्लास. एका आत्याने तिच्याकडे बघून गोड हसत पर्स उघडली आणि नाकाला रुमाल लावला. चुलतभाऊ दुकानातून बियरची खोकी घेऊन आला आणि ती मागच्या दाराने आत नेली, टेसाला दिसू नये म्हणून. दिसलीच. फक्त तिच्या वडिलांनी दोन ग्लास संपवले. ती म्हणाली, "बाबा, कशी आहे?" ते म्हणाले, "झकास."

तिने त्या संध्याकाळी गाडीत बसून ग्लासात पुन्हा नाक घातलं. कुठलीही शंका नव्हती. दवाखान्याचा वास होता. पहिल्या दिवसापासून होता.

एप्रिलच्या बैठकीला ती आली, तेव्हा कोणाशी फार बोलली नाही; बाकीचे काय बोलतात आणि त्यानंतर क्लेम काय बोलतो, तेवढं ऐकत राहिली. बाराही बियर चाखून झाल्या. क्लेमने नेहमीसारखं शेवटी चार शब्द गोळा करून सांगितले. आम्ही खुर्च्या उचलायला लागलो तशी टेसा उठली आणि तिने पिशवीतून क्रमांक नसलेली बाटली काढली.

"आणखी एक आहे," ती म्हणाली. "पण हिच्याबद्दल आज क्लेमने आधी बोलायचं. बाकी कोणी तोंड उघडायचं नाही."

"हा कुठला नियम?" डगी म्हणाला.

"आजच्यापुरता."

तिने सगळ्यांना घोटघोट ओतली. ग्लास नाकाशी येताच दवाखान्याचा वास आला आणि मी मान मागे घेतली. समोर डगीने भुवया वर केल्या आणि तोंड उघडलं, पण टेसाने बोट दाखवल्यावर मिटलं. सगळे क्लेमकडे बघू लागले.

त्याने ग्लास उजेडात धरला. फेस बघितला. घोट घेतला. मग त्याने एक गोष्ट केली जी आम्ही आजवर कधी पाहिली नव्हती. त्याने मान वर करून आमच्या चेहऱ्यांकडे एकेक करून बघितलं. आम्ही बारा माणसं, त्यातली अकरा दगडासारखी बसलेली. शेडच्या पत्र्यावर वारा वाजत होता.

"मला काही वास येत नाही," क्लेम म्हणाला.

डगी फिसकन हसला. "काय सांगतोस! हिचा वास तर तुझ्या घरापर्यंत..."

"डगी, मला वास येत नाही. हिचा नाही, कशाचाच नाही. शिडीवरून पडलो तेव्हापासून."

मग डगीच्या डोक्यात ते हळूहळू उतरलं. "म्हणजे सप्टेंबरात माझ्या बियरमध्ये तुला आलुबुखार..."

"आलुबुखार तूच म्हणाला होतास, लेका. माझ्या आधी दहा मिनिटं."

दोघं-तिघं हसले, सुटल्यासारखे. मलाही हसू आलं, आणि लगेच माझी "छान जमलीय" आठवून ते गेलं.

टेसा हसली नाही. "म्हणजे मला आलेला वास खरा होता," ती म्हणाली.

"हो."

"तुला माहीत नव्हतं चांगली आहे का वाईट. आणि तू मला म्हणालास, मनाचे खेळ."

"हो."

"तेव्हापासून दोन महिने मी कशाचाही वास घेतला की आधी स्वतःला विचारते, हे खरं आहे ना? सकाळी दुधाचा वास घेताना विचारते. तुझं नाक गेलं, क्लेम, ते वाईट झालं. पण तू माझंही घेतलंस."

तिने आपलं खोकं उचललं आणि ती निघून गेली. बस चालवणाऱ्या बाईची गाडी आवारातून नेहमी सावकाश निघते. त्या दिवशी खडी उडाली.

क्लेमने नंतर कोणाचे फोन घेतले नाहीत. व्हर्ना म्हणाली, शेडला कुलूप लावलंय. मी मनात त्याच्यावर रागावलेच होते, पण राग धरून बसणं अवघड जात होतं. सगळं ऐकूनही आमच्यातल्या एकालाही नऊ महिन्यांत काही कळलं नव्हतं. आम्हाला आपापली स्तुती पुरेशी होती.

आठ-दहा दिवसांनी क्लेम गाडी काढून सव्वा तासाच्या रस्त्याने पोर्ट पिरीला गेला. व्हर्नालाही सांगितलं नाही. तिथे कलोगेरासांचं घर विचारत विचारत शोधलं. टेसाचा बाप पानायोटिस कलोगेरास अंगणात बसून लोणच्यासाठी हिरवे ऑलिव्ह एकेक करून दगडाने फोडत होता.

"तुमच्या वाढदिवसाची बियर खराब निघाली ती माझ्यामुळे," क्लेम उभ्या उभ्या म्हणाला.

म्हाताऱ्याने त्याला वरपासून खालपर्यंत बघितलं. "तू केली होतीस?"

"नाही. टेसाने. पण तिने मला आधी दाखवली होती. तिला शंका आली होती. मी म्हटलं, चांगली आहे. मला वासच येत नाही, आणि ते मी लपवलं. तिचा काही दोष नव्हता, एवढं सांगायला आलो."

पानायोटिसने आणखी दोन ऑलिव्ह फोडले. "मी दोन ग्लास प्यायलो."

"ऐकलं मी."

"घाण होती. दवाखान्यात फरशी पुसून झाल्यावर येतो ना, तसला वास."

"मग प्यायलात कशाला?"

"पोरीने केली होती." म्हाताऱ्याने दगड खाली ठेवला. "माझं नाक चांगलं आहे. अजून वाऱ्यावर मासळी कळते मला. तिने विचारलं, बाबा, कशी आहे? मी म्हटलं, झकास. तुला वास येत नव्हता म्हणून तू खोटं बोललास. मला येत होता, तरी मी बोललो. आता मला सांग, तू इथे माफी मागायला आलास, तर मी कुठे जाऊ?"

म्हाताऱ्याने पायाने एक स्टूल पुढे सरकवलं, दुसरा दगड दिला आणि बादली दाखवली. दोघांनी दुपारपर्यंत ऑलिव्ह फोडले. निघताना पानायोटिस म्हणाला, "तू आला होतास हे मी तिला नाही सांगणार."

गाडी कोपऱ्यावर पोचायच्या आत त्याने फोन लावला असावा.

टेसाने लगेच काही केलं नाही. जूनमधल्या एका शनिवारी सकाळी ती पास्कोंच्या दारात उभी राहिली. हातात दोन बरण्या. व्हर्नाने तिला आत घेतलं आणि स्वतः बागेत निघून गेली.

"बाबांचा फोन आला होता," टेसा म्हणाली.

"नाही सांगणार म्हणाले होते."

"त्यांच्या पोटात काही राहत नाही. एक माझी बियर सोडून."

क्लेमला हसू आलं. तिलाही आलं, पण तिने ते आवरलं. "ऐक. तुला वास येत नाही याचा मला राग नाही. 'मनाचे खेळ' म्हणालास त्याचा आहे. आणि तो अजून गेलेला नाही."

"नको जाऊ दे."

"पुन्हा कोणाला असं म्हणू नकोस."

"नाही म्हणणार."

तिने बरण्या टेबलावर ठेवल्या. एकीत नळाचं पाणी, दुसरीत शेजाऱ्यांच्या टाकीतलं पावसाचं. "आता सांग, दवाखान्याचा वास येतो कशाने?"

"पाण्यातल्या क्लोरीनने. यीस्टची नि त्याची गाठ पडली की येतो. तुझी टाकी कधी आटली?"

"जानेवारीत. मग नळाचंच वापरलं."

क्लेम खुर्चीत मागे टेकला. "हे मी त्या दिवशी विचारायला हवं होतं," तो म्हणाला. "पाणी कुठलं घेतलंस, एवढं. त्याला नाक लागत नाही. नाकाच्या भरवशावर राहून राहून मी विचारायचंच विसरलो होतो."

त्यानंतर ती दर शनिवारी जाऊ लागली. पद्धत अशी पडली की ती वास घेऊन काय येतंय ते बोलायची आणि क्लेम प्रश्न विचारायचा. खोली किती तापली होती? पिंप कधी उघडलंस? बार्ली कुठल्या पोत्यातली? ती "हिरव्या सफरचंदासारखं" म्हणाली की तो सांगायचा, "घाई केलीस, आठवडाभर थांबायचं." कधी कधी तो डोळे मिटून म्हणायचा, "थांब, पुन्हा सांग," आणि ती पुन्हा सांगायची, अधिक सावकाश. एकदा मी तिथे असताना तिने जिऱ्यासारखा काहीतरी वास सांगितला, आणि क्लेम ठामपणे म्हणाला, "तसं होणं शक्य नाही." मग स्वतःच थांबला. "येतोय तर येतोय. कशाने ते शोधू."

जुलै आला आणि गेला. वर्ष भरलं. डॉक्टरने पुन्हा तपासलं. काही फरक नव्हता, आणि क्लेमने ते घरी येऊन व्हर्नाला एका वाक्यात सांगून टाकलं. त्या संध्याकाळी, ती म्हणते, तो धक्क्यावर जाऊन बसला. स्क्विडचा गळ टाकला नव्हता, नुसताच बसला होता. ओहोटी होती. किनाऱ्यावर सडलेल्या समुद्रगवताचे ढीग पडले होते, ज्यांच्या वासाने आम्ही सगळे खिडक्या लावून घेतो. तो आठ वाजेपर्यंत तिथे होता.

मग त्याने शेडचं कुलूप काढलं आणि घाणा घातला. पडल्यापासून केलेली ही त्याची पहिलीच बियर. आधीच्या दोन्ही अदलाबदलींत त्याने जुन्या साठ्यातल्याच बाटल्या आणल्या होत्या, हेही आम्हाला तेव्हा कळलं.

सप्टेंबरच्या बैठकीत त्याने डगीला सांगून टाकलं की यापुढे आपण शेवटी बोलणार नाही, आपली पाळी येईल तेव्हा बोलू, आणि फक्त जिभेला कळतं तेवढंच. खरंच तेवढंच बोलला. "गोडी जास्त आहे." "बुडबुडे मोठे आहेत, तोंडात टिकत नाहीत." बाकीच्याला, "मला माहीत नाही." हे "मला माहीत नाही" ऐकायची आम्हाला सवय नव्हती. पहिल्यांदा तो म्हणाला तेव्हा दोघांनी एकदमच मान खाली घातली.

त्याची बाटली आली तेव्हा शेडमध्ये जरा अवघडलेपण पसरलं. डगी म्हणाला, "ठीक आहे की." माझ्या शेजारचा म्हणाला, "चांगलीच आहे." क्लेमने ग्लास खाली ठेवला.

"हे बघा," तो म्हणाला, "माझ्या घरात ही बियर आहे आणि तिचा वास कसा आहे हे मला माहीत नाही. तुम्ही नाही सांगितलंत तर मला कधीच कळणार नाही. तेव्हा जरा कष्ट घ्या."

मी पुन्हा वास घेतला. "केळ्याचा वास आहे," मी म्हटलं. "पिकून काळी पडलेली केळी. खूप."

"आणखी?"

"त्याच्याखाली पाव आहे," डगी म्हणाला. "चांगला पाव. पण केळी त्याला वर येऊ देत नाहीत."

"आणखी?"

सगळ्यांनी सांगितलं. एक जण म्हणाला लवंग, दुसरा म्हणाला छे, लवंग कुठे. दोघं त्यावरून भांडले. क्लेम गुडघ्यांवर कोपरं टेकून पुढे झुकला होता आणि बोलणाऱ्याच्या तोंडाकडे बघत होता. शेवटी टेसाची पाळी आली.

"खोली तापली होती," ती म्हणाली. "पहिले दोन दिवस. तू शेडचा पंखा लावायला विसरलास."

"विसरलो नव्हतो. पंखा बिघडलाय."

"आपली बाजू मांडायची नाही," डगी ओरडला, आणि सगळे हसले.

"टाकून द्यावी लागेल का?" क्लेमने टेसाला विचारलं.

तिने आणखी एकदा नाक घातलं, आणि उत्तर द्यायला तिने वेळ घेतला. "कोणाला देऊ नकोस," ती म्हणाली.

त्याने कोणाला दिली नाही. घरी तीस-बत्तीस बाटल्या उरल्या होत्या. त्या त्याने उन्हाळाभर मागच्या पायरीवर बसून एकट्याने संपवल्या. व्हर्नाने विचारलं तर म्हणायचा, "मला कुठे केळी लागतायत? कडवटपणा बघ, काय नेमका बसलाय."